नवरी फुलं वेचायला गेली आहे

इराणातल्या आमच्या कमसर गावात लग्न ठरलं की आधी बेहजत आत्याला विचारायचे आणि मग मुलीला. अमक्या गुरुवारी मोकळी आहेस का, म्हणून. नवरीच्या मागे उभं राहून ओरडायला आत्या नसेल तर लग्न लागलं असं गावात कुणाला वाटायचंच नाही.

ओरडायचं काय ते ठरलेलं. लग्न लावणारे सैयद आगा पडद्याच्या पलीकडच्या खोलीत पुरुषांबरोबर बसतात आणि तिथून नवरीला विचारतात, की बाई, एवढ्या मेहरवर, म्हणजे नवऱ्याकडून तुला मिळायच्या देण्यावर, या मुलाशी तुझं लग्न लावायला मी तुझा वकील म्हणून बोलू का? नवरीनं लगेच तोंड उघडलं तर ती उतावळी ठरते. म्हणून पहिल्यांदा बायका ओरडतात, नवरी फुलं वेचायला गेली आहे. दुसऱ्यांदा विचारलं की, नवरी गुलाबपाणी आणायला गेली आहे. तिसऱ्यांदा नवरी मान खाली घालून म्हणते, वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो. मग हलकल्लोळ. आत्याचा आवाज असा, की ती ओरडली की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या पंख फडफडवायच्या.

बाकीच्या बायका हे गंमत म्हणून करायच्या. आत्या मनापासून करायची. लग्नाच्या आधी ती नवरीला स्वयंपाकघरात गाठायची, हातात लसूण सोलायला द्यायची आणि विचारायची, "खरं सांग, हवाय का तुला हा?" मुलगी गप्प राहिली तर आत्या लग्नात फुलं वेचायचं काम बरंच लांबवायची, म्हणजे पोरीला विचार करायला तेवढीच सवड. एकदा तर गुलाबपाणी आणायला गेलेली नवरी परत आलीच नाही. ते लग्न मोडलं, आणि दोन्ही घरांनी वर्षभर आत्याच्या नावानं बोटं मोडली. ती मुलगी पुढे इस्फहानला सुईण झाली. दर नौरोजला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, आत्याला गझ नावाची मिठाई पाठवायची.

आत्या अशी का, ते गावाला माहीत होतं. तिचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि गुलाबाचा हंगाम होता. सैयदांनी विचारलं, बायका ओरडल्या, नवरी फुलं वेचायला गेली आहे. आणि ती खरंच गेली होती. पहाटेच ओटीला फडकं बांधून माळावर गेलेली पोर, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या मावशीनं अंगभर पांघरलेल्या चादरीआडून बारीक आवाज काढून "हो" म्हणून टाकलं. आत्या ओटीभर गुलाब घेऊन परत आली तेव्हा अंगणात साखर वाटत होते. तिनंही हात पुढे केला आणि विचारलं, कुणाचं लग्न झालं?

नवरा खेचरवाला याकूब. माणूस वाईट नव्हता. आत्या त्याला कधी दोष द्यायची नाही. म्हणायची, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. मूल झालं नाही. तो गेला तेव्हा तीन तांब्याच्या भट्ट्या मागे ठेवून गेला. त्या भट्ट्यांवर आत्यानं पुढची चाळीस वर्षं गुलाबपाणी काढलं आणि माझ्या वडिलांना, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, शिकवून तारमास्तर केलं. माझ्यावर तर तिचा एवढा जीव, की आई कधीकधी वैतागून म्हणायची, घेऊन जा ही कार्टी तुझ्याकडेच.

आता माझ्या लग्नाकडे येते. मला ताहेर हवा होता. हे मी लसूण न सोलताच आत्याला सांगितलं होतं. ताहेर पाटबंधारे खात्यात होता आणि हाजी एबादचा मुलगा होता. हाजी एबादचं काशानच्या बाजारात गुलाबपाण्याचं दुकान, पण मूळचा आमच्याच गल्लीतला. तो आणि माझे वडील हश्मत, दोघं एका ओढ्यात पोहले, एकाच झाडाच्या जर्दाळूवरून मार खाल्ला. दोघांच्या मुलांनी लग्न करावं याहून सोपं काय असणार? पण मोहर्रम आला, सफर आला, त्या शोकाच्या दोन महिन्यांत आमच्यात लग्न होत नाही. आणि तो हिवाळा तर सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यावर मोर्चे, रॉकेलला रांगा, आणि शेवटी शहा विमानात बसून गेला. त्याच हिवाळ्यात काशानच्या एका मोर्चात हाजी एबादचा पुतण्या गोळी लागून मेला. माझ्या शहाभक्त वडिलांनी त्या पोराच्या मयतीला खांदा दिला आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. लग्न मग नौरोजच्या सुट्टीतल्या गुरुवारी धरलं. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, देशाला विचारणार होते की तुम्हाला इस्लामी जम्हूरी, म्हणजे इस्लामी प्रजासत्ताक, हवी का, हो की नाही.

त्या वसंतात आमच्याकडे ज्याच्या त्याच्या खिशात एकेक सरकार होतं. नानबाई भाकर शेकता शेकता राज्यघटना सांगायचा. माझा इराज मामा शाळामास्तर. त्याला साधी जम्हूरी हवी होती, पुढे-मागे काही न जोडलेली. तो पिस्त्यांचे ढीग करून दाखवायचा, ही संसद, हा राष्ट्राध्यक्ष, हे न्यायालय, आणि बोलता बोलता न्यायालय खाऊन टाकायचा. ताहेरला लोकांच्या समित्या हव्या होत्या, गावोगावी. माझ्या वडिलांना शहा हवा होता. हा नको तर त्याचा मुलगा, पण कुणीतरी मुकुटवाला. माझं नावसुद्धा त्यांनी जुन्या राजकन्येचं ठेवलं, फरंगीस. आणि हाजी एबादला शुक्रवारी विचारणार होते तेच हवं होतं, आणि ते बोलताना पुतण्याच्या आठवणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खोटं नव्हतं. मी सुनेच्या नात्यानं सांगत नाही, पाहिलंय म्हणून सांगते.

आत्याला कुणी विचारलं की तुझं मत काय, तर ती म्हणायची, "भट्टीवर झाकण कुणाचं का असेना, वाफेला वाट ठेवा. नाहीतर झाकण उडतं आणि जवळच्याचं तोंड भाजतं." मग लगेच विचारायची, चहात साखर किती. इराज मामा म्हणायचा, हे काही राजकीय मत नाही. ती म्हणायची, नसू दे, चहा पी.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते नौरोजच्या तिसऱ्या दिवसापर्यंत. त्या दिवशी हाजी एबाद सणाच्या भेटीला आमच्याकडे आला, मला कापड, आईला मिठाई, आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या बैठकीच्या भिंतीवर पंचवीस वर्षं शहाची तसबीर होती. आईनं भीतीनं ती हिवाळ्यात उतरवून घेतली होती, आणि तिच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. वडिलांनी तिथं काहीही लावू दिलं नव्हतं. हाजीनं कागद सोडला. आत नव्या नेत्यांची तसबीर, चांगल्या लाकडी चौकटीत, आणि बरोबर त्या चौकोनाच्या मापाची.

हाजीचा हेतू चांगला होता. मोकळा चौकोन पाहून कुणी चहाडी करेल, हश्मतला त्रास होईल, हीच त्याला काळजी. पण वडिलांच्या ते जिव्हारी लागलं. एरवी ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाले, की एबाद, तू माझ्या भिंतीचं माप कधी घेतलंस? हाजी म्हणाला, लोक बोलतात रे. वडील म्हणाले, तुझे लोक. हाजी म्हणाला, माझ्या लोकांनी पोरं गमावलीत. मग काय काय निघालं ते इथं लिहीत नाही. चहा तसाच राहिला, आणि हाजी चपला उलट्यासुलट्या घालून निघून गेला.

आमच्याकडे भांडण झालं की माणसं बोलणं टाकतात, आणि टाकलेलं बोलणं नौरोजमध्ये उचलून घ्यायचं असतं. धाकट्यानं थोरल्याच्या घरी आधी जायचं, मग थोरल्यानं परतभेट द्यायची. आता घोडं अडलं ते इथं. आयुष्यभर हे दोघं एकमेकांना "तुम्ही थोर, मी धाकटा" असं म्हणत आले होते, कारण तसं म्हणायची रीत आहे. आता भांडणात दोघंही म्हणू लागले की थोरला मी. हाजी म्हणे, थोरला असून मी आधी गेलो, आता हश्मतनं यायला हवं. वडील म्हणत, थोरला मी, तो आला ते त्याचं कर्तव्यच होतं, आणि येऊन अपमान केला, म्हणून ती भेट धरायचीच नाही. मध्यस्थांनी दोघांचे जन्मदाखले मागवले. पण आमच्या वडिलांच्या पिढीत दाखले लिहायला सरकारी कारकून एकदाच गावात आला होता, आणि आळसानं त्यानं सगळ्या पोरांची जन्मतारीख एकच लिहिली होती, नौरोजचा पहिला दिवस. दोघं कागदावर जुळे निघाले.

खरं कोण आधी जन्मलं ते फक्त आत्याला माहीत होतं. ती दोघांपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, दोघांचीही नाकं तिनंच पुसलेली. सगळे तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. सांगितलं तर एक जण जिंकेल, आणि मग या पोरीचं लग्न हरलेल्या माणसाच्या घरात होईल."

वडिलांनी शेवटी जाहीर केलं की मी लग्न थांबवत नाही. पण मी तिथं बसणार नाही आणि परवानगी देणार नाही. एबादनं आपलं सरकार आणलंय, त्याच्याकडून घ्या परवानगी. यात मेख अशी, की मुलीच्या पहिल्या लग्नाला बापाची परवानगी लागते. ती नसेल तर सैयद आगा पुढे जाऊच शकत नाहीत. आई रडली. ताहेर म्हणाला, कोर्टात जाता येतं. मी म्हणाले, मी तुझ्याशी लग्न करायला निघालेय, माझ्या बापावर खटला भरायला नाही. आणि आत्याला मात्र मी सांगितलं की मला दोन्ही हवं आहे. ताहेरही हवा आणि बाबाही तिथं बसलेले हवेत. बाबा नसतील तर मी हो म्हणणार नाही, आणि हो म्हटलं नाही तर मी आयुष्यभर कुढत राहीन. आत्यानं माझ्या हातातला लसूण काढून घेतला आणि म्हणाली, बघते.

गुरुवारी बदामाची झाडं फुललेली होती. वडील सकाळी उठले, दाढी केली, नवा सूट घातला, टाय बांधला, जोडे चकचकीत केले आणि बागेच्या टोकाला आत्याच्या भट्टीघरात जाऊन बसले. हंगामाला अजून महिनाभर होता, भट्ट्या थंड होत्या. त्यांनी आतून कडी लावली. सूट घालून गेलेत, हे आईनं मला तीनतीनदा सांगितलं, जणू त्यातच आशा होती. खरं तर होतीच.

मी आरशासमोर बसले, शेजारी ताहेर, डोक्यावर चौघींनी पांढरं कापड धरलेलं, आणि त्यावर बायका साखरेच्या दोन ढेपा एकमेकींवर घासत होत्या, संसार गोड व्हावा म्हणून. एक चुलती रंगीत दोऱ्यानं कापडाच्या कोपऱ्यात टाके घालत होती. हे टाके सासूचं तोंड शिवण्यासाठी असतात. आत्या तिला म्हणाली, यंदा सासूला सोड, दोन्ही बापांची तोंडं शिव. बायका हसल्या. माझी सासू सगळ्यांत जास्त हसली.

पडद्याआडून सैयद आगांनी घसा साफ करून विचारलं, मुलीचे वडील कुठे आहेत? आत्या म्हणाली, तुम्ही विचारायला लागा, ते येतातच. सैयद भला माणूस. त्यांनी मेहर वाचून दाखवली, एक कुराण, एक आरसा, मेणबत्त्यांची दोन शमादानं, आणि विचारलं की मी तुझा वकील आहे का?

"नवरी फुलं वेचायला गेली आहे," आत्या ओरडली. बायकांनी साथ दिली.

दुसऱ्यांदा विचारलं. नवरी गुलाबपाणी आणायला गेली.

तिसऱ्यांदा विचारलं. माझ्यासमोरच्या आरशात माझ्या पाठीमागची खिडकी दिसत होती, खिडकीत बाग, आणि बागेच्या टोकाला भट्टीघराचं बंद दार. मी त्या दाराकडेच बघत राहिले. ताहेरनं बोटानं माझं बोट धरलं.

आत्या म्हणाली, "नवरी वडिलांना बोलवायला गेली आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. पडद्याआडून सैयद म्हणाले, "खानम, हे काही आम्ही ऐकलेलं नाही."

"आता ऐकलंत ना? विचारा पुन्हा."

सैयदांनी पुन्हा विचारलं. आत्या म्हणाली, नवरी बापाच्या दाराशी उभी आहे, बाप कडी काढत नाही. पुन्हा विचारलं. नवरी म्हणते, एकटीच्यानं हे दार उघडायचं नाही, बरोबर कुणीतरी बापाच्या बरोबरीचं हवं. आता कुणीच हसत नव्हतं. साखर घासणाऱ्या बायकांचे हात भरून आले होते, ढेपा निम्म्या झाल्या होत्या, आणि साखर कापडातून गळून माझ्या केसांत, पापण्यांत, ओठांवर बसली होती. मला रडू येत होतं आणि तोंड गोड लागत होतं. शेवटी आत्या पडद्याकडे वळली. या वेळी ती ओरडली नाही. साध्या आवाजात बोलली, आणि म्हणूनच पलीकडच्या खोलीत ते नीट ऐकू गेलं.

"एबाद, जर्दाळूच्या झाडावरून पडलास तेव्हा हश्मतनं तुला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं. कोण थोर, कोण धाकटा, तेव्हा विचारलं नव्हतंस."

पडद्यापलीकडे कुणीतरी उठल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आरशात मला हाजी एबाद दिसला, बागेतून चालत जाणारा, लठ्ठ, गळ्याशी बटण लावलेला, हातात काही नाही.

भट्टीघरात काय झालं ते मला दोघांनीही पुढे वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून खऱ्या असाव्यात. हाजीनं दार ठोठावून म्हटलं, हश्मत, मी ती तसबीर परत न्यायला आलोय. वडिलांनी कडी काढली. तसबीर फळीवर होती, कागदात नीट गुंडाळलेली. त्यांनी ती फेकली नव्हती, उलटीही ठेवली नव्हती. ते म्हणाले, "भिंत माझी आहे, एबाद."

"भिंत तुझी."

"आणि उद्या कुणी येऊन विचारलं, की ही मोकळी का?"

हाजीनं आपल्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी त्या चौकोनासमोर येऊन बसेन. माझी रुंदी बघितलीस ना? सगळा झाकला जाईल."

वडील हसले, आणि हसता हसता टायला डोळे पुसले.

आरशात मला दोघं बाहेर येताना दिसले आणि माझ्या जिवात जीव आला. पण आम्ही इराणी माणसं. समेट झाला तरी दार उरतंच. घराच्या उंबऱ्याशी येऊन दोघं थांबले. हाजी म्हणाला, तुम्ही आधी. वडील म्हणाले, छे छे, तुम्ही आधी. हाजी म्हणाला, तुम्ही थोरले. वडील म्हणाले, जीभ झडेल माझी, थोरले तुम्ही. ज्या गोष्टीवरून सहा दिवस बोलणं टाकलं होतं, तीच आता दोघं एकमेकांना आग्रहानं वाढत होते, आणि कुणीच घेत नव्हतं. सैयद आगांनी मेहर वाचायचा कागद खाली ठेवला. इराज मामा म्हणाला, आपल्या देशात सरकार का बनत नाही ते बघून घ्या. शेवटी आत्या चादर खोचून उंबऱ्याशी गेली आणि म्हणाली, दार पुरेसं मोठं आहे, दोघं एकदम या. ते एकदम घुसले आणि हाजीच्या रुंदीपायी मध्येच अडकले. काशानहून आणलेला फोटोवाला आतापर्यंत जांभया देत होता. त्यानं तेवढाच एक फोटो चांगला काढला.

वडिलांनी माझ्यासमोर बसून सैयदांना सांगितलं, माझी परवानगी आहे. सैयदांनी विचारलं, आता नवरी आली का? आणि मी म्हणाले, वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो. केसांतली साखर धुवायला मला तीन वेळा डोक्यावरून पाणी घ्यावं लागलं.

तो फोटो पुढे त्या चौकोनावर लागला. चौकोनापेक्षा लहान आहे, कडेनं फिकट पट्टी दिसते, पण वडिलांनी दुसरा लावू दिला नाही. काही वर्षांनी एकदा दोन अनोळखी माणसं खरोखरच चौकशीला आली, तुमच्या बैठकीत अमक्यांची तसबीर का नाही म्हणून. कुणीतरी हाजीला कळवलं. तो धापा टाकत आला, सलाम करून बरोबर त्या भिंतीला टेकून बसला, आणि ती माणसं जाईपर्यंत चहावर चहा पीत राहिला. उठला तेव्हा त्याच्या पाठीला चुना लागला होता. वडिलांनी तो आपल्या हातानं झटकला.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. शुक्रवारी सकाळी आत्या माझ्याकडे आली, अंगावर माझ्या लग्नात घातलेलेच चांगले कपडे, केसांना मेंदी. माझी वरात गुलाबाच्या हंगामात निघायची होती, म्हणून मी अजून माहेरीच होते. ती म्हणाली, चल, विचारताहेत. वडील म्हणाले, माझा प्रश्न त्या चिठ्ठीवर नाही, मी जात नाही. इराज मामाचंही तेच. त्याला हवं होतं ते नाव कागदावर नव्हतंच, एकच नाव होतं आणि त्याला हो किंवा नाही. आत्या दोघांना म्हणाली, "तुम्हाला आयुष्यात सतराशे साठ वेळा कुणी ना कुणी काही ना काही विचारलंय. तुम्ही बसा घरी."

शाळेच्या अंगणात रांग मोठी होती. बायका एकमेकींना शुभेच्छा देत होत्या, काही रडत होत्या, काही आनंदानं, काही का ते सांगत नव्हत्या. चिठ्ठीला दोन भाग होते, हिरवा म्हणजे हो आणि तांबडा म्हणजे नाही. एक फाडून पेटीत टाकायचा. आत्यानं पाठमोरी होऊन भाग फाडला, मुठीत घट्ट धरला आणि पेटीपाशी बसलेल्या दाढीवाल्या तरुणासमोर जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, टाका आई.

आत्या म्हणाली, "विचार."

"काय विचारू?"

"जे विचारायला बोलावलंस ते. मला तोंडानं विचार."

पोरगा भला होता, लाजला. इकडेतिकडे बघून म्हणाला, आई, तुम्हाला इस्लामी जम्हूरी हवी का? त्याचं वाक्य संपायच्या आत रांगेतून कुणीतरी ओरडलं, नवरी फुलं वेचायला गेली आहे. सगळ्या अंगणात हशा पिकला. ज्यांची ज्यांची लग्नं आत्यानं लावली होती त्या सगळ्या बायका रांगेत होत्या. त्या एका सुरात ओरडायला लागल्या. तो तरुणही हसला.

आत्या हसली नाही. तिनं हात वर केला आणि बायका गप्प झाल्या. "नवरी कुठंही गेलेली नाही," ती म्हणाली. "इथंच आहे." मग ती त्या तरुणाकडे बघत राहिली, जणू तो आणखी काही बोलेल म्हणून. तो म्हणाला, "टाका ना आई, रांग मोठी आहे." आत्यानं मूठ पेटीच्या फटीवर धरली, म्हणाली, "कुणाच्याही परवानगीशिवाय," आणि सोडली.

घरी येताना बदामाच्या पाकळ्या रस्त्यावर पडल्या होत्या, त्या तिनं वाकून ओटीत वेचल्या. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आत्या त्यानंतर चोवीस वर्षं जगली. हिरवा टाकलास की तांबडा, हे तिला वडिलांनी विचारलं, हाजीनं विचारलं, इराज मामानं तर पिस्ते ठेवून विचारलं. तिनं कुणालाच सांगितलं नाही. मीही विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं मला फुलं वेचायला पाठवलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या थोरल्या मुलीचं लग्न होतं, आणि तिनं मला गुलाबपाणी आणायला पिटाळलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या तीन भट्ट्या मी पेटवल्या होत्या आणि वास तिच्या खोलीपर्यंत येत होता. तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"रंग काय विचारतेस, पोरी," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे बघत उभी होते, परत विचारेल म्हणून. त्यानं एकदाच विचारलं. मुलीलासुद्धा तीनदा विचारतात."